प्रस्तावना: तार जितकी आखूड

लोह-५५ हा किरणोत्सर्गी समस्थानिक आमच्या प्रयोगशाळेत शर्टाच्या बटणाएवढ्या चकतीत मिळतो. त्यातून ५.९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे क्ष-किरण निघतात. असा एक किरण सिलिकॉनच्या डिटेक्टरमध्ये शिरला की त्या जागी साधारण १,६०० इलेक्ट्रॉन मोकळे होतात. मोबाईल चार्जिंगला लावला की तारेतून दर सेकंदाला जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या एकोणीस-वीस आकडी असते. इथे आपल्या वाट्याला सोळाशे येतात, तेही एकदाच. ते मोजायचे, आणि मोजताना दहा-वीस इलेक्ट्रॉनांपेक्षा जास्त चूक होऊ द्यायची नाही. सोळाशे आणि साडेसोळाशे यांतला फरक कळला, तर समोरच्या ताऱ्यात किंवा चंद्राच्या मातीत कोणते मूलद्रव्य आहे ते सांगता येते. तो कळला नाही, तर उपकरणाला काहीतरी दिसले, एवढेच म्हणता येते.

ही मोजणी करणारे सर्किट नखाएवढ्या चिपमध्ये कसे बसवायचे आणि ती चिप अवकाशात वर्षानुवर्षे कशी टिकवायची, हा या पुस्तकाचा विषय. पीएचडी नुकतीच संपली आहे, पोस्टडॉकचे पत्र हातात आहे किंवा येऊ घातले आहे, आणि अवकाश-उपकरणांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिरायचे एवढेच ठरले आहे, अशा वाचकाला समोर ठेवून ही प्रकरणे लिहिली आहेत. तुम्ही भौतिकशास्त्रातून येत असाल तर ट्रान्झिस्टर तुम्हाला परके वाटतील. इलेक्ट्रॉनिक्समधून येत असाल तर क्ष-किरण आणि प्लाझ्मा परके वाटतील. दोघांचेही इथे मनापासून स्वागत आहे. या क्षेत्रात दोन्ही बाजू पूर्ण येणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. सगळे कुठल्या तरी एका दाराने आत आले आणि दुसरी बाजू काम करता करता शिकले.

उपकरण लहान का करायचे, असे विचारले की वजनाचे उत्तर लगेच मिळते, आणि ते बरोबरच आहे. १९ जानेवारी २००६ रोजी निघालेले न्यू होरायझन्स यान १४ जुलै २०१५ रोजी प्लूटोजवळून गेले. त्यावर सात उपकरणे होती. सगळ्यांचे मिळून वजन सुमारे ३० किलो आणि सगळ्यांना मिळून वीज सुमारे २८ वॅट. घरातली जुनी ट्यूबलाइट यापेक्षा जास्त वीज खाते. त्यातले वेगवान कण मोजणारे पेप्सी हे उपकरण जेमतेम दीड किलोचे होते. कण दोन पातळ पडद्यांमधले अंतर किती वेळात कापतो ते मोजायचे, तेही नॅनोसेकंदांच्या हिशेबात, आणि दीड किलोच्या आत. सुटे भाग जोडून हे होत नाही, त्यासाठी खास चिपच लागते.

पण माझ्या मते वजन हे दुय्यम कारण आहे. खरे कारण तारेत आहे. डिटेक्टर आणि पहिला ट्रान्झिस्टर यांच्यात एक मीटर कोअॅक्सियल केबल असली तर त्या केबलचीच धारिता साधारण १०० पिकोफॅरड भरते. आपले सोळाशे इलेक्ट्रॉन तेवढ्या धारितेवर पसरले की अडीच मायक्रोव्होल्ट उठतो, म्हणजे नॉइजमध्ये बुडून जाण्याइतका थोडा. तेच इलेक्ट्रॉन डिटेक्टरला चिकटवून बसवलेल्या चिपमधल्या ०.१ पिकोफॅरडच्या कपॅसिटरवर गोळा केले तर अडीच मिलिव्होल्ट मिळतात. हजारपट. नवा सिद्धांत लागला नाही, महाग डिटेक्टर लागला नाही. तार आखूड केली, एवढेच. म्हणून आमच्याकडे लहान करणे याचा पहिला अर्थ जवळ नेणे असा होतो. पुस्तकातली निम्मी प्रकरणे या एका वाक्याचा विस्तार आहेत.

या क्षेत्राचा पहिला धडा मात्र चिपच्याही आधीचा आहे, आणि तो शून्याचा आहे. अमेरिकेचा एक्सप्लोरर-१ हा उपग्रह ३१ जानेवारी १९५८ च्या रात्री उडाला. सगळा मिळून चौदा किलोच्या आत. आयोवा विद्यापीठाच्या जेम्स व्हॅन अॅलन यांच्या गटाचा एक गायगर गणक त्यावर होता. कमी उंचीवर तो सेकंदाला तीसएक कण मोजत होता, अपेक्षेप्रमाणेच. मात्र दक्षिण अमेरिकेवरून दोन हजार किलोमीटरपेक्षा वर गेला की मोजणी शून्य. गणक बिघडला, असे म्हणून कागद बाजूला ठेवता आले असते. कार्ल मॅकइल्वेन या तरुण संशोधकाने तसाच दुसरा गणक घेऊन त्याच्यावर क्ष-किरणांचा जोरदार मारा केला, आणि त्याचीही मोजणी शून्यावर आली. कण इतक्या दाटीने येत होते की नळीला सावरायला वेळच मिळत नव्हता. तिचे स्पंद इतके लहान होत होते की पुढच्या सर्किटचा उंबरठा ते ओलांडतच नव्हते. म्हणजे वर कण नाहीत असे नव्हतेच, कण मोजता येण्यापलीकडे गेले होते. २६ मार्चला गेलेल्या एक्सप्लोरर-३ वर जॉर्ज लुडविग या विद्यार्थ्याने बनवलेला छोटा टेप-रेकॉर्डर होता. त्यामुळे संपूर्ण कक्षेची नोंद हाती आली आणि पृथ्वीभोवतीचे प्रारण-पट्टे पक्के झाले.

ही हकिकत पुस्तकात पुन्हा येते, आकृतीसह. इथे ती आधीच सांगण्याचे कारण असे की अवकाशयुगातला पहिला मोठा वैज्ञानिक शोध सर्किटची मर्यादा ओळखणाऱ्या माणसांमुळे लागला. शून्य आकडा कुठून आला हे कळायला निसर्ग जितका माहीत असावा लागतो तितकाच उंबरठा माहीत असावा लागतो. आणि ती माणसे विद्यार्थी होती. मोठ्या शोधनिबंधावर गटप्रमुखाचे नाव ठळक दिसते, पण दुसरा गणक कपाटातून काढून क्ष-किरणांखाली धरणारा हात बहुतेक वेळा तिशीच्या आतल्या कुणाचा तरी असतो. आजही तसेच आहे.

जवळ नेण्याचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण म्हणजे २८ सप्टेंबर २०१५ रोजी गेलेल्या अॅस्ट्रोसॅट या उपग्रहावरचे सीझेडटी इमेजर हे उपकरण. मुंबईच्या टीआयएफआरने त्याच्या उभारणीचे नेतृत्व केले आणि पुण्याच्या आयुकात त्याचे काम पाहणारे केंद्र आहे. कॅडमियम-झिंक-टेल्युराइडच्या ६४ चौकोनी मॉड्यूलमध्ये प्रत्येकी २५६ पिक्सेल, एकूण १६,३८४. इतक्या पिक्सेलांच्या तारा बाहेर काढून दूरच्या पेटीत नेणे अशक्यच. म्हणून प्रत्येक मॉड्यूलच्या पाठीला वाचन करणाऱ्या चिप चिकटवलेल्या आहेत, आणि प्रत्येक घटनेचा पिक्सेल, ऊर्जा आणि २० मायक्रोसेकंदांपर्यंत अचूक वेळ अशी नोंद खाली येते. नकाशा आणि वर्णपट काढायला एवढे तपशील लागतातच असे नाही. थोडा सारांश पाठवूनही भागले असते. पण एकेक घटना जपून ठेवल्यामुळे पुढे एक वेगळीच वाट निघाली. १०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचा किरण कधी कधी एका पिक्सेलवर आपटून शेजारच्या पिक्सेलमध्ये उडी मारतो. अशा जवळजवळ एकाच क्षणी झालेल्या जोड-नोंदी वेचून त्यांच्या दिशांवरून किरणांचे ध्रुवीभवन काढता येते. क्रॅब पल्सारचे असे मापन २०१७ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याची जगभर दखल घेतली गेली. सर्किट आखताना कोणती माहिती फेकायची आणि कोणती ठेवायची हा निर्णय घेणारा माणूस पुढच्या दहा वर्षांतले विज्ञान ठरवत असतो. हे काम नुसत्या तंत्रज्ञाचे आहे असे समजून भौतिकशास्त्रज्ञांनी त्यापासून दूर राहू नये, हा माझा आग्रह आहे.

त्या उपकरणातली मॉड्यूल चिपसकट परदेशातून आणलेली होती, हेही इथे नोंदवायला हवे. त्याकडे पुढे येईनच.

थंडीचे प्रकरण मी स्वतः लिहिले आहे, कारण त्याचे मला वेड आहे. २५ डिसेंबर २०२१ रोजी निघालेल्या जेम्स वेब दुर्बिणीचे निकट-अवरक्त डिटेक्टर ४० केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे २३० अंश सेल्सियसच्याही खाली काम करतात. ऊबदार इलेक्ट्रॉनिक्स तिथून काही मीटर दूर आहे. मायक्रोव्होल्टांतला सिग्नल तेवढ्या लांब तारेतून आणला तर वाटेतच विरून जाईल. म्हणून साइडकार नावाची चिप डिटेक्टरच्या शेजारी, त्याच थंडीत बसवली आहे. डिटेक्टरला चालवणे, सिग्नल वाढवणे, त्याचे आकड्यांत रूपांतर करणे ही सगळी कामे ती तिथेच उरकते आणि मग केवळ आकडे बाहेर पाठवते. आकड्यांना लांबची तार सोसते.

आता अडचण पाहा. चिप बनवणारी फाउंड्री आपल्या ट्रान्झिस्टरांचे जे गणिती मॉडेल देते ते साधारण उणे ५५ अंशांपर्यंतच भरवशाचे असते. त्याखाली काय होते ते तुम्ही मोजायचे. थ्रेशोल्ड व्होल्टेज सरकते, विद्युतभार वाहकांची चपळाई वाढते, काही नॉइज घटते तर काही अचानक डोके वर काढते. क्रायोस्टॅट गार व्हायला रात्र जाते, मोजणीला दिवस, आणि परत ऊबदार होऊ द्यायला आणखी एक रात्र. घाईने झाकण उघडले तर चिपवर दव धरते. एकेका ट्रान्झिस्टरच्या आलेखासाठी तीन-तीन दिवस देणारा माणूस सहसा पोस्टडॉकच असतो. प्राध्यापकाला तेवढा सलग वेळ नसतो आणि विद्यार्थ्याला अजून तेवढा धीर आलेला नसतो.

याच साइडकार चिपची आणखी एक गोष्ट. हबल दुर्बिणीवरचा मुख्य सर्वेक्षण कॅमेरा जानेवारी २००७ मध्ये वीजपुरवठ्यातल्या दोषामुळे बंद पडला. मे २००९ मध्ये अंतराळवीरांनी जाड हातमोज्यांतून ३२ स्क्रू काढून त्याचे आतले चार बोर्ड बदलले. नव्या बोर्डांच्या गाभ्यात ही चिप होती. कॅमेरा पुन्हा सुरू झाला, नॉइज चांगले उतरले, पण प्रतिमांमध्ये अगदी फिकट आडवे पट्टे दिसू लागले. एका संदर्भ-व्होल्टेजचे संथ डोलणे प्रत्येक ओळीवर उमटत होते. ते पट्टे पुढे संगणकावर काढून टाकले जातात. दूरच्या दीर्घिकांच्या चित्रावर एका लहानशा चिपच्या श्वासोच्छ्वासाची खूण राहते, याचे मला अजूनही नवल वाटते. चित्र पाहताना त्यात किती आकाश आहे आणि किती सर्किट आहे हे वेगळे काढता येणे, ही आमच्या विषयातली प्रौढता.

आता प्रारणाकडे. पुस्तकातला हा सर्वांत लांब भाग आहे, आणि मुद्दाम आहे. वेगवान प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि जड अणुकेंद्रके चिपमधून आरपार जातात तेव्हा तीन प्रकारची हानी होते. एखादा जड कण मेमरीतला एक बिट उलटवतो. एखादा कण चिपमध्ये नकळत तयार झालेला चोर-मार्ग चालू करतो, प्रवाह भरमसाट वाढतो आणि वेळेत वीज तोडली नाही तर चिप जळते. याला लॅच-अप म्हणतात. तिसरी हानी हळूहळू साचणारी. ऑक्साइडच्या थरात धन विद्युतभार अडकत जातो आणि बंद असायला हवे ते ट्रान्झिस्टर थोडे थोडे गळू लागतात. ट्रान्झिस्टर लहान होत गेले तसा गेटखालचा ऑक्साइड पातळ झाला आणि तिथला अडकलेला भार आपोआप निसटू लागला, हे या क्षेत्राच्या नशिबाने झाले. पण कडेचा जाड ऑक्साइड राहिलाच. त्यावर तोड म्हणून गेट सरळ पट्टीऐवजी बंद कडीसारखे आखतात. कडीला कडच नसते, त्यामुळे गळायला जागा उरत नाही. सर्न येथील कण-भौतिकीच्या लोकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस पाव मायक्रॉनच्या साध्या व्यापारी प्रक्रियेत ही युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवली. खास लष्करी कारखान्याची गरज न लागता, फक्त आखणीच्या बळावर चिप प्रारणाला टिकते, हा धडा आम्हा अवकाशवाल्यांना फार उपयोगी पडला.

मला मात्र वाचकाला इथे थोडे थांबवून एक वेगळी गोष्ट दाखवायची आहे. हानी झालेली इलेक्ट्रॉनिक्स सावरतेसुद्धा. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने पॅसिफिकवर ४०० किलोमीटर उंचीवर स्टारफिश प्राइम हा अणुस्फोट केला आणि दुसऱ्याच दिवशी टेलस्टार हा संदेशवहन उपग्रह उडाला. स्फोटाने पट्ट्यांत ओतलेल्या इलेक्ट्रॉनांनी टेलस्टारचे ट्रान्झिस्टर कुरतडले आणि नोव्हेंबरमध्ये तो आज्ञा ऐकेनासा झाला. जमिनीवर तसल्याच ट्रान्झिस्टरांवर प्रारण सोडून पाहिले, तेव्हा विद्युतदाब काढून घेतल्यावर ते काही प्रमाणात पूर्ववत होतात असे दिसले. ती समज वापरून जानेवारी १९६३ मध्ये उपग्रह पुन्हा बोलता केला गेला. फेब्रुवारीत तो कायमचा गप्प झाला, पण एक गोष्ट शिकवून गेला.

चाळीस वर्षांनी, नोव्हेंबर २००२ मध्ये गॅलिलिओ यान गुरूच्या अमॅल्थिया या चंद्राजवळून गेले आणि त्याचा टेप-रेकॉर्डर अडला. दोष मोटर चालवणाऱ्या सर्किटातल्या एका एलईडीत होता. प्रोटॉनांनी तिच्या स्फटिकाची वीण उसवली होती. अभियंत्यांनी तिच्यातून तासन्‌तास प्रवाह सोडला, वीण थोडी जुळली, आणि अडकलेली माहिती खाली आली. पुढे २०२३ च्या डिसेंबरात जूनो यानाचा कॅमेरा. तो गुरूभोवती आठ फेऱ्या टिकावा अशा बेताने बनवलेला. पंचावन्नाव्या फेरीनंतर चित्रे पार बिघडली. ३० डिसेंबरला आयो हा ज्वालामुखींचा चंद्र जवळून दिसणार होता. शेवटचा उपाय म्हणून कॅमेऱ्याचा हीटर पूर्ण चालू करून तो तापवला. काही दिवसांत चित्रे सुधारू लागली, आणि आयोचे डोंगर स्वच्छ मिळाले.

याला अनिलिंग म्हणतात. पुण्यात तांबट आळीत हंडा ठोकताना कारागीर मध्येच तो भट्टीत तापवून घेतात, कारण ठोक्यांनी तांबे कडक होते आणि तापवले की पुन्हा नरम पडते. धातूतले अणू आपापल्या जागी परततात म्हणून हे घडते. सिलिकॉनमध्येही तत्त्व तेच. २०२४ च्या उन्हाळ्यात गुरूकडे जाणाऱ्या युरोपा क्लिपर यानाच्या बाबतीत सगळा प्रश्न याच तत्त्वावर येऊन ठेपला. यानात बसवून झालेले काही प्रकारचे ट्रान्झिस्टर अपेक्षेपेक्षा कमी प्रारणात ढिले पडतात असे मे महिन्यात कळले. यान उघडायचे तर उड्डाण हुकले असते. चार महिने तीन केंद्रांवर रात्रंदिवस चाचण्या झाल्या. प्रत्येक फेरीत यान गुरूच्या तीव्र पट्ट्यात एखादा दिवस असते आणि मग सुमारे वीस दिवस बाहेर. त्या वीस दिवसांत ट्रान्झिस्टर पुरेसे सावरतात असा निष्कर्ष निघाला. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी यान निघाले. हा निष्कर्ष ज्यांच्या मोजमापांवर उभा आहे त्यांनी किती ट्रान्झिस्टर तापवले, किती थंड केले, किती रात्री वह्या भरल्या, ते शोधनिबंधात कुठेच येत नाही.

आता थोडे माझ्याविषयी, कारण या रात्रींची चव मी घेतली आहे. पोस्टडॉकच्या दुसऱ्या वर्षी माझी पहिली चिप फाउंड्रीतून परत आली. टाचणीच्या डोक्याच्या दुप्पट असेल. पंचवीस मायक्रॉनच्या अॅल्युमिनियमच्या तारांनी ती बोर्डावर जोडली. सूक्ष्मदर्शकाखाली त्या तारा विणकामाच्या टाक्यांसारख्या दिसत होत्या. लोह-५५ समोर ठेवला. शिखर दिसले, पण हिशेबाने जेवढे रुंद असायला हवे त्याच्या दीडपट. सहा आठवडे मी ग्राउंडिंग बदलत राहिले, पुरवठा बदलला, फिल्टर लावले, लेआउट पुन्हा पुन्हा तपासला. एका रात्री खोलीतले दिवे घालवून निघत असताना बोर्डावरचा छोटा हिरवा दिवा डोळ्यात भरला. पुरवठा चालू आहे हे दाखवणारी एलईडी मीच बोर्डावर बसवली होती, आणि झाकणाच्या फटीतून तिचा उजेड डिटेक्टरवर पडत होता. सिलिकॉन क्ष-किरण पाहते तसा उजेडही पाहते. काळी टेप लावली. शिखर अरुंद झाले. चिपचा आकृतिबंध बरोबर होता, मॉडेलही बरोबर होते. तो दिवा मात्र कुठल्याच मॉडेलमध्ये नव्हता. चाचणीच्या प्रकरणाची सुरुवात मी याच टेपने केली आहे.

त्या चिपची दुसरी, सुधारलेली आवृत्ती आली तेव्हा माझी मुदत संपून चार महिने झाले होते. संस्थेत ते काम हाती घ्यायला कुणी उरले नव्हते. डबी कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये पडून राहिली. ही खंत मी मनाला लावून घेऊन बसले नाही, पण तिच्यामागचा प्रश्न खरा आहे आणि तो नव्या वाचकाला आधीच माहीत असावा. पोस्टडॉक दोन वर्षांचा, फार तर तीन. चिपची आखणी आठ-नऊ महिने. मग अनेक गटांनी मिळून भाड्याने घेतलेल्या वेफरवर जागा, तिथली तारीख हुकली तर पुढच्या फेरीची वाट. तयार होऊन यायला आणखी महिने. आणि पहिल्या चिपमध्ये काही ना काही चूक निघतेच. उड्डाण त्यानंतर कित्येक वर्षांनी. म्हणजे चिपचे आयुष्य एका माणसाच्या मुदतीत मावत नाही. तार आखूड करण्याची विद्या आपण सर्किटात शिकलो; एका माणसाच्या डोक्यातून दुसऱ्याच्या वहीत जाणारी तार अजून फार लांब आहे, आणि वाटेत पुष्कळ हरवते. गटप्रमुखांना माझी विनंती आहे की नवा पोस्टडॉक जुना जाण्याआधी सहा महिने रुजू होईल असे पाहा. निधी देणाऱ्यांनी असे दुहेरी पगार म्हणजे उधळपट्टी समजू नये. हे सहा महिने न दिल्याने होणारे नुकसान त्याहून कितीतरी मोठे असते.

विद्यार्थ्यांच्या गटांनी ही गोष्ट मोठ्या संस्थांपेक्षा बरी जमवली आहे. पुण्याच्या सीओईपीचा जवळपास एक किलोचा स्वयम् २२ जून २०१६ रोजी आणि आयआयटी मुंबईचा दहा किलोचा प्रथम त्याच वर्षी २६ सप्टेंबर रोजी पीएसएलव्हीने गेला. दोन्हींचे काम एका तुकडीने सुरू केले आणि पुढच्या तुकड्यांनी पुरे केले. पहिल्या तुकडीतली मुले केव्हाच नोकरीला लागली होती. सर्किटचा कागद वाचून अनोळखी माणसाला बोर्ड पुढे नेता यावा अशा नोंदी ठेवल्याशिवाय हे शक्य नव्हते.

आपल्या देशात चिप बनवण्याचा प्रश्न उरतो. मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरची प्रक्रिया चालते. तिथेच बनलेला विक्रम-३२०१ हा ३२ बिटी प्रोसेसर अवकाशात तपासला गेला आणि मार्च २०२५ मध्ये इस्रोच्या हवाली झाला. वर्तमानपत्रांत तीन आणि पाच नॅनोमीटरच्या बातम्या वाचून १८० हा आकडा जुनाट वाटेल. आपल्या कामासाठी तो जुनाट नाही. सोळाशे इलेक्ट्रॉन वाढवून मोजणाऱ्या अॅनालॉग सर्किटाला व्होल्टेजची थोडी ऐसपैस जागा लागते, नीट अभ्यासलेला ट्रान्झिस्टर लागतो, आणि दहा वर्षांनी तीच प्रक्रिया चालू असण्याची खात्री लागते. हे सगळे जुन्या, स्थिरावलेल्या प्रक्रियेतच मिळते. अॅस्ट्रोसॅटच्या वेळी आपण डिटेक्टर आणि चिप दोन्ही बाहेरून आणले, आणि तेव्हा तेच योग्य होते. पुढच्या क्ष-किरण दुर्बिणीचे वाचन करणारी चिप इथेच आखलेली, इथेच बनलेली आणि इथेच प्रारणाखाली तपासलेली असावी, असे मला मनापासून वाटते. आखणारी माणसे आहेत, कारखाना आहे, आणि कुलाब्यातल्या पेलेट्रॉनसारखे जड आयनांचे प्रवेगकही आहेत. या तिन्हींना वर्षानुवर्षे एकत्र बांधून ठेवणारे गट मात्र बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. तुम्ही त्यांतला एखादा वाढवा, किंवा नवा उभा करा.

मराठीत लिहिताना शब्दांबद्दल फार हट्ट धरलेला नाही. चिप, नॉइज, ग्राउंड, टेप-आउट हे शब्द प्रयोगशाळेत मराठी माणसे रोज वापरतात, तेच ठेवले आहेत. धारिता, प्रारण, अर्धवाहक हे शब्द रुळले आहेत म्हणून तेही आहेत. वाचताना अडखळायला झाले तर दोष माझा समजा आणि कळवा. पुढच्या आवृत्तीत सुधारेन. गणित जिथे नकोसे वाटेल तिथे पहिल्या वाचनात ते सोडून पुढे गेलात तरी चालेल, पण नॉइजचे प्रकरण सोडू नका. सुरुवात करण्यासाठी मोठी सामग्री लागत नाही: एक चाचणी-बोर्ड, एक डिटेक्टर, एक ऑसिलोस्कोप आणि तो बटणाएवढा स्रोत पुरतो.

त्या स्रोताबद्दल एक शेवटची सूचना. लोह-५५ चा अर्धायुकाल सुमारे २.७ वर्षे आहे. तुम्ही रुजू झालात त्या दिवशी मिळणारी मोजणी तुम्ही निघाल तेव्हा जवळपास निम्मी झालेली असेल, आणि तुमच्यानंतर येणाऱ्याला उपकरणच मंदावले असे वाटेल. म्हणून स्रोत हातात आला की त्यावरची तारीख आणि त्या दिवसाची मोजणी वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि जाताना ती वही टेबलावर ठेवून जा.